कापूस काळा आहे, एवढं लिहून घ्या

या महिन्यात टपालाने आणि व्हॉट्सॲपवर आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयाची आहेत : कोळशाची नवी खदान. वारस आणि वाटणीचे प्रश्न पुढच्या अंकात घेतो, ज्यांचे राहिले त्यांनी रागावू नये. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी तलाठी म्हणून नोकरीला लागलो, मंडळ अधिकारी म्हणून निवृत्त झालो आणि मधली बरीचशी वर्षं वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या कोळसा पट्ट्यात काढली. वकील नाही. कागद पाहिलेत, एवढंच.

प्रश्न : भाऊ, आमच्या शिवारात नवी ओपन कास्ट, म्हणजे वरून उघडी खणायची खदान, येणार आहे. जनसुनावणीची नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. गावात दोन तट पडलेत. म्हातारी माणसं म्हणतात, सगळं वरूनच ठरलेलं आहे, सुनावणी नुसता देखावा, बहिष्कार टाका. पोरं म्हणतात, जाऊन मंडप उखडू. मी सोसायटीचा संचालक, लोक मला विचारतात. काय सांगू?
– एक शेतकरी, भद्रावती तालुका

उत्तर : दोघांनाही सांगा, आधी नियम वाचा. 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरण मंजुरीची अधिसूचना आहे, त्यात जनसुनावणीची सगळी पद्धत दिली आहे. सुनावणी सुरू करायला गणसंख्या, म्हणजे ठरावीक हजेरी, लागत नाही, असं तिथे साफ लिहिलंय. म्हणजे तुम्ही बहिष्कार टाकलात आणि मंडपात चौघेच बसले, तरी सुनावणी झाली असंच धरलं जातं. मंडप उखडायचा म्हणाल, तर त्याचीही सोय त्याच अधिसूचनेत करून ठेवली आहे. स्थानिक परिस्थितीमुळे लोकांना मोकळेपणाने बोलता येईल अशी सुनावणी घेणं शक्य नाही, असा अहवाल वर गेला, तर सुनावणी वगळूनच पुढे जायचा निर्णय होऊ शकतो. पोरांना हे नीट समजावा. उखडलेल्या मंडपाचा फायदा कोणाला होईल, ते त्यांनीच ठरवावं.

म्हाताऱ्यांचं मात्र मी खोटं म्हणणार नाही. त्यांचा अविश्वास कमावलेला आहे. मीच तो कसा तयार होतो ते जवळून पाहिलंय.

आमच्या भागातल्या एका खदानीची सुनावणी होती, कोणती ते सांगत नाही. मी बंदोबस्ताच्या यादीत होतो, म्हणजे एका टोकाला उभं राहायचं आणि कोणी सातबारा मागितला तर द्यायचा. मंडप झकास, कूलर लावलेले. पुढच्या तीन रांगा सकाळी नऊलाच भरल्या होत्या आणि त्यातला एकही चेहरा माझ्या सज्ज्याचा, म्हणजे माझ्याकडच्या गावांचा, नव्हता. सल्लागार कंपनीचा एक मुलगा मराठीतला सारांश वाचत होता. वाचता वाचता तो म्हणाला, "अतिभाराची साठवणूक नियोजित जागी करण्यात येईल." लोक एकमेकांकडे पाहायला लागले. कसला अतिभार? डोक्यावरचा? शेवटी मागून कोणीतरी ओरडलं, "अबे, मातीचा ढिगारा म्हन ना!" तेव्हा कुठे साऱ्या गावाला कळलं की आपल्या नाल्याच्या काठावर डोंगर उभा राहणार आहे. 'ब्लास्टिंग'ला त्या कागदात 'प्रस्फोटन' लिहिलं होतं. सारांश स्थानिक भाषेत हवा हा नियम पाळला गेला होता, यात शंका नाही.

मग शेजारच्या गावची एक बाई माइकपाशी आली. साठीच्या आसपासची असेल. पदराची गाठ सोडून तिने मूठभर कापूस टेबलावर ठेवला, पांढऱ्या टेबलक्लॉथवर. बोंडाच्या पाकळ्यांशी, सरकीच्या भोवती काळी पूड बसलेली लांबूनही दिसत होती. ती म्हणाली, "साहेब, कालच वेचला. जुन्या खदानीच्या रस्त्याकडचं वावर हाय. व्यापारी म्हन्ते, बाई, कापूस काया हाय, भाव कमी. तुमच्या वहीत एवढं लिहा, का कापूस काया हाय." आणि जाऊन बसली. अर्ध्या मिनिटाचं बोलणं. साहेबांनी कापूस हातात घेऊन पाहिला, हे मी मुद्दाम सांगतो, कारण सगळेच साहेब पाहत नाहीत.

पुढे इतिवृत्ताची प्रत माझ्या हाती आली. त्यात होतं : "एका महिलेने धुळीबाबत तक्रार केली." समोर कंपनीच्या उत्तराच्या रकान्यात : "रस्त्यांवर नियमित पाणी शिंपडण्यात येईल व वृक्षारोपण करण्यात येईल." कापूस नाही, वावर नाही, भाव नाही. आणि पाणी शिंपडण्याचं हेच वाक्य जुन्या खदानीच्या कागदातही होतं, ज्या खदानीची पूड त्या बोंडावर बसली होती.

म्हणून जा, पण भाषण करायला जाऊ नका. लेखी घेऊन जा. गट नंबर, विहिरीची खोली, पाणी कोणत्या महिन्यात आटतं, खदानीच्या हद्दीपासून अंतर, पीक. एका माणसाचा एक कागद, दोन प्रती, एकीवर पोच. प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी हरकती सुनावणीच्या आधीही देता येतात. नोटिशीपासून सुनावणीपर्यंत किमान तीस दिवस मिळाले पाहिजेत. ते चहाच्या टपरीवर घालवू नका. खदानीचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, त्या अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात, जिल्हा परिषदेत, जिल्हा उद्योग केंद्रात आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात पाहायला ठेवावा लागतो. दोन पोरं मोटारसायकलवर पाठवा. त्यांनी पाण्याचं प्रकरण आणि ढिगाऱ्याची जागा दाखवणारा नकाशा, एवढे दोनच भाग वाचले तरी पुरे.

आणि शेवटपर्यंत बसा! सुनावणी संपताना इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि त्याच दिवशी त्यावर सही व्हायची असते. तोपर्यंत अर्धं गाव शेवटची एसटी धरायला निघून गेलेलं असतं. इतिवृत्तातून कापूस गळलाय हे तिथेच उभं राहून सांगायला कोणीतरी हवं. त्या दिवशी कोणी नव्हतं. मी होतो, आणि मी बोललो नाही. नोकरी होती.

आता मुख्य गोष्ट. नव्या खदानीची आश्वासनं ऐकू नका, जुन्या खदानीचा हिशेब मागा. पर्यावरण मंजुरीसोबत अटी येतात. त्या पाळल्या की नाही, याचा अहवाल खदानीला वर्षातून दोनदा द्यावा लागतो, 1 जून आणि 1 डिसेंबरला. हा अहवाल सार्वजनिक कागद आहे, अर्ज केल्यावर प्रत मिळते. पर्यावरण मंत्रालयाचं विभागीय कार्यालय नागपुरातच आहे. तुमच्या शिवारापासून सर्वांत जवळ जी खदान असेल, तिचा गेल्या जूनचा अहवाल काढा आणि एका रविवारी दहा जणांनी तो हातात घेऊन त्या खदानीच्या रस्त्याने चालून या. "झाडं लावली" असं लिहिलं असेल तिथे झाडं आहेत का, मोजा. "भूजलपातळी मोजतो" असं असेल तर ती विहीर कोणती, ते शोधा. जे सापडेल ते सुनावणीत वाचा. तुमचा अविश्वास आहे असं म्हणून दाखवण्याची मग गरजच उरत नाही.

प्रश्न : महोदय, मी निवृत्त अभियंता. आपल्या मागील अंकातील सूर मला खदानविरोधी वाटला. वीज सर्वांना हवी, खाण कोणालाच नको. एकीकडे सरकार 2070 पर्यंत नेट झिरो (जितका कार्बन सोडू तितका शोषून घेऊ) म्हणते, दुसरीकडे नव्या खाणींचे लिलाव करते, म्हणून लोक सरकारला दुटप्पी ठरवतात. पण पर्याय काय? अशा संशयाने देशाचे नुकसान होत नाही का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : साहेब, मी खदानविरोधी नाही. माझ्या दोन्ही भावांची घरं कोळशाच्या पगारावर उभी राहिली. चंद्रपूरचं 2920 मेगावॅटचं औष्णिक केंद्र बंद केलं तर पुण्यात काय होईल, ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल.

सरकारच्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, घोळ त्या सांगण्यात आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत आपण 2070 चं वचन दिलं आणि त्याच परिषदेत कोळसा 'बंद करू'ऐवजी 'कमी करू' असा शब्द घालायला लावला. 2024-25 मध्ये देशाचं कोळसा उत्पादन पहिल्यांदा शंभर कोटी टनांच्या पुढे गेलं. 2025 च्या जूनपर्यंत आपल्या वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा-वायू-डिझेल सोडून इतर स्रोतांचा झाला, अशी बातमी तुम्हीही वाचली असेल. ती खरीच आहे. पण क्षमता वेगळी आणि निर्मिती वेगळी. शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो, पाच हॉर्सपॉवरची मोटर बसवली म्हणून विहिरीला तेवढं पाणी येत नाही. सूर्य मावळला की सोलरची मोटर थांबते. प्रत्यक्ष तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा 2024-25 मध्येही सत्तर टक्क्यांच्या वर होता. हे सरळ सांगितलं तर गावातल्या माणसालाही कळतं. त्याला दिवाळीला "आपण हरित झालो" आणि होळीला "देशासाठी जमीन द्या" असं सांगितलं, की तो दोन्हींवरचा विश्वास सोडतो.

आणि संशय कुठून आला म्हणाल, तर तो आंदोलनवाल्यांनी आणलेला नाही. 1993 पासून झालेली 218 कोळसा खंडांची वाटपं तपासून सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2014 मध्ये ती मनमानी आणि बेकायदा ठरवली. सप्टेंबरमध्ये त्यातली दोनशेहून जास्त रद्द केली. देशाच्या गरजेचं कारण त्याही वेळी दिलं जात होतं. ज्यांच्या जमिनी त्या वाटपांसाठी मोजल्या गेल्या, त्यांना नंतर कोणी येऊन सांगितलं का, की बाबा, चूक झाली?

पुढे 18 जून 2020 ला खासगी कंपन्यांसाठी 41 खंडांचा लिलाव जाहीर झाला. त्यात आमच्या जिल्ह्यातला 'बंदर' नावाचा खंड होता, ताडोबाच्या वाघांच्या येण्याजाण्याच्या वाटेवरचा. ओरड झाली, राज्य सरकारनेही विरोध केला, आणि त्या लिलावातून तो वगळला गेला. चांगलं झालं. पण माझ्यासारख्याला प्रश्न पडतो की यादी करताना नकाशा कोणी पाहिलाच नव्हता का? वाघाची वाट काही 2020 च्या जूननंतर तयार झाली नाही.

2022 च्या उन्हाळ्याचं तर तुम्हाला आठवत असेल. कोळशाची टंचाई झाली आणि मे महिन्यात चालू खदानींना मूळ क्षमतेच्या निम्म्याने उत्पादन वाढवायची मुभा मिळाली, नव्याने जनसुनावणी न घेता. अडचणीची वेळ होती, मान्य. पण ज्या गावच्या रस्त्यावरून कोळशाचे मोठे ट्रक, हायवा, जातात, तिथे निम्मी वाढ म्हणजे काय, ते विचारायलाही कोणी गेलं नाही. छत्तीसगढच्या हसदेव भागातले आदिवासी ऑक्टोबर 2021 मध्ये तीनशे किलोमीटर चालत रायपूरला गेले. त्यांची तक्रार होती की परसा खदानीसाठी दाखवलेले ग्रामसभेचे ठराव खोटे आहेत. त्याच महिन्यात वनजमिनीची अंतिम परवानगी आली. पुढच्या जुलैत तिथल्या विधानसभेने हसदेवमधले सगळे खंड रद्द करा असा ठराव केला. सांगा, यात दुटप्पी कोण, हे गावकऱ्याने कसं ठरवायचं?

पर्याय तुम्ही विचारलात. मी तलाठी माणूस, विजेचा आराखडा मला काय कळणार? पण एक सांगू शकतो. चालू खदानींतला किती कोळसा अजून जमिनीखाली आहे आणि नवी खदान नेमकी कोणत्या केंद्रासाठी, किती वर्षं लागणार आहे, हे गावाच्या फळ्यावर मराठीत लिहा. आम्ही भांडू, पण निदान आकड्यांवर भांडू.

प्रश्न : काका, सासऱ्यांच्या नावाने दीड एकर आहे. गावात सेक्शन 4 लागलं म्हणतात. जमीन गेली समजायची का? आणि दोन एकराला एक नोकरी मिळते, मग आमचं काय? दलाल म्हणतो, लवकर त्याला विका.
– एक सून, वणी तालुका

उत्तर : पोरी, आधी दलालाला चहा पाजून परत पाठव.

1957 चा कोळसाधारक क्षेत्र कायदा आहे, त्याचं कलम 4 म्हणजे फक्त कोळसा आहे का ते शोधण्याची सूचना. जमीन त्याने जात नाही. दोन वर्षांत, फार तर आणखी एका वर्षात, कलम 7 आलं नाही तर ती सूचना संपते. कलम 7 म्हणजे घेण्याचा इरादा. ते लागल्यापासून तीस दिवसांत लेखी हरकत घ्यायची, हीच तुमची बोलायची संधी. कलम 9 लागलं की घोषणा झाली. तारीख राजपत्रातली धरायची, गावात दवंडी कधी झाली ती नव्हे. (या कायद्यात एक मजेदार स्पष्टीकरण आहे : "कोळसा मीच काढतो, सरकारने काढू नये" ही हरकत चालणार नाही! 1957 साली कोणाच्या मनात ही धास्ती होती कोण जाणे.)

दोन एकराला नोकरी हे कोल इंडियाचं 2012 चं धोरण आहे. कमी जमीन असलेले दोन-तीन खातेदार मिळून दोन एकर भरवू शकतात आणि आपल्यातल्या एकाचं नाव देऊ शकतात. सासऱ्यांच्या भावाची अर्धा एकर असेल तर बोलून घ्या, पण कोणाला नोकरी आणि बाकीच्यांना काय, ते आधी स्टॅम्प पेपरवर लिहा. मी यावरून सख्खे भाऊ कोर्टात गेलेले पाहिलेत.

खदान खासगी कंपनीची असेल तर हे धोरण लागू नाही आणि 1957 चा कायदाही नाही. तिथे 2013 चा भूसंपादन कायदा पाहायचा. त्यात प्रकल्पातून नोकऱ्या तयार होत असतील तर घरातल्या एकाला नोकरी, नाहीतर एकरकमी 5 लाख रुपये, नाहीतर महिन्याला किमान 2000 रुपये वीस वर्षं, असे पर्याय आहेत. तेव्हा पहिला प्रश्न : खदान कोणाची?

आणि हो, मोबदला वाढावा म्हणून रातोरात आंब्याची कलमं लावू नका. मोजणीला गेल्यावर गुडघाभर 'फळबागा' मी कित्येक मोजल्यात. त्यामुळे खरी झाडं असलेल्यांचीही किंमत पडते. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का, ते मात्र आजच पाहा.

प्रश्न : आमच्याकडे जुनी भूमिगत खदान कधीच बंद झाली आहे. वर वस्ती आहे. आता शेजारी नवी येते आहे. जुनीचं कोण पाहणार? – घुग्घूस परिसर

उत्तर : तुमच्या भागात हा प्रश्न कागदावरचा नाही. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घूसच्या अमराई वॉर्डात एक राहतं घर जमिनीत गडप झालं, ते साऱ्या जिल्ह्याने पाहिलं. माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली.

2009 पासून प्रत्येक खदानीला बंद करण्याचा आराखडा द्यावा लागतो आणि त्यासाठी एस्क्रो खात्यात, म्हणजे फक्त त्याच कामासाठी राखून ठेवलेल्या बँक खात्यात, दरवर्षी पैसे भरावे लागतात. तुमची खदान त्याआधी बंद झाली असेल तर खात्याची आशा धरू नका. नगरपरिषदेमार्फत जुन्या भूमिगत कामाचा नकाशा मागा. बंद होताना खदानीने तो खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे द्यायचा असतो. तो नकाशा आणि वस्तीचा नकाशा एकावर एक ठेवून पाहा. नव्या खदानीच्या ब्लास्टिंगच्या अंतराचा मुद्दा सुनावणीत मांडाल, तेव्हा हे दोन कागद सोबत असू द्या.

भद्रावतीच्या शेतकरीबंधूंना : 1 जूनचा अहवाल मिळाला की एक झेरॉक्स मासिकाच्या पत्त्यावर पाठवा. झाडं मोजायला मीही येतो, फक्त दुपारी बारानंतर चालणं जमत नाही.